भाच्याने क्लास ड्रॉप केला, १३ चे ९ युनिट झाले (कम्युनिटी कॉलेजवाल्यांनो, जरा बघा)

सांगलीकर_मामा (शनिवार, सकाळी)

नमस्कार मंडळी, थोडं लांबण लागेल पण घाईत आहे म्हणून सगळं एकदाच लिहितो.

ताईचा मुलगा बारावी करून ऑगस्टमध्ये सांगलीहून इकडे कॅलिफोर्नियात आलाय, कम्युनिटी कॉलेजला, एफ-१ वर (स्टुडंट व्हिसा). राहतो माझ्याकडेच. प्लॅन नेहमीचा, दोन वर्षं इथे काढायची आणि मग ट्रान्सफर घेऊन युसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया. काल रात्री जेवताना भात कालवता कालवता म्हणतो, मामा, मी मॅथ ड्रॉप केलं. का, तर प्रोफेसरचं रेटिंग वाईट आहे म्हणे. दुसऱ्या सेक्शनच्या वेटलिस्टला नाव लावायचं होतं, पण एका सेक्शनमध्ये नाव असताना त्याच विषयाची दुसरी वेटलिस्ट सिस्टम लावू देत नाही, म्हणून साहेबांनी आधी हातातला सोडला. वेटलिस्टला नंबर होता ७. तो ५ पर्यंत आला आणि तिथेच बसला. तोवर अ‍ॅड करायची तारीख गेली.

युनिट म्हणजे इथले क्रेडिट. हिशोब असा: केमिस्ट्री ५, मॅथ ४, इंग्लिश ३ (हे ऑनलाइन आहे), आणि ते काउन्सेलिंगचं काहीतरी १. एकूण १३ होते, आता ९. मला अंधुक आठवतंय की एफ-१ ला १२ लागतात. मी स्वतः नोकरीवर आलेला माणूस, इथल्या कॉलेजची पायरी चढलेली नाही. आज शनिवार, ऑफिस बंद. ताईला अजून बोललो नाहीये. नक्की किती मोठं लफडं आहे हे?

---

खाडीपलीकडचा

मामा, पहिलं काम, त्याला सांगा की आता वेबसाइटवर कशालाही हात लावू नकोस. घाबरून अजून एखादा क्लास टाकेल नाहीतर काढेल.

तुम्हाला बरोबर आठवतंय. एफ-१ वर अंडरग्रॅडला दर सेमिस्टरला १२ युनिट कम्प्लिट पाहिजेत, आणि त्या १२ मध्ये ऑनलाइनचा फक्त एकच क्लास किंवा ३ युनिट धरतात. याचं इंग्लिश ऑनलाइन आहे म्हणजे तो कोटा संपलाय, हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१२ च्या खाली जायचं असेल तर आधी डीएसओची परवानगी घ्यायची. डीएसओ म्हणजे इंटरनॅशनल ऑफिसमधला तो माणूस ज्याची सही आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) असते. प्लेसमेंट चुकलं, इंग्रजी झेपत नाही, आजारपण आलं, अशा काही ठराविक कारणांना तो लोड कमी करून देऊ शकतो. रेटिंग वाईट हे त्यात बसत नाही हे वेगळं सांगायला नको. न विचारता खाली गेलं की स्टेटस गेलं असं धरतात, आणि डीएसओला ते २१ दिवसांच्या आत सेव्हिसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी सिस्टममध्ये, कळवावं लागतं. ते बिचारे हौसेने करत नाहीत, कॉलेजचं लायसन त्यावर आहे.

आता सुटका. बहुतेक कॉलेजांत सेमिस्टरच्या दुसऱ्या अर्ध्यात सुरू होणारे ८ आठवड्यांचे क्लास असतात, लेट स्टार्ट म्हणतात त्याला. ऑक्टोबरच्या मध्याला सुरू, डिसेंबरला संपतात, युनिट पूर्ण मिळतात. त्यातला ३ युनिटचा एखादा मिळाला की याच सेमिस्टरमध्ये परत १२. फक्त तो ऑनलाइन नको. समोरासमोर पाहिजे, नाहीतर हायब्रिड, म्हणजे ज्यात वर्गात प्रत्यक्ष जावंच लागतं असा. आणि लेट स्टार्टचे ८० टक्के क्लास ऑनलाइनच असतात अशी आपली गंमत आहे. (८० हा आकडा माझ्या कपाळावरच्या आठ्यांवरून काढलेला आहे, कुठला सर्व्हे नाही.)

आज वीकेंडला शेड्युल उघडून चार क्लास हेरून ठेवा. सोमवारी ऑफिस उघडताच इंटरनॅशनल ऑफिसच्या दारात. मी वकील नाही, पण माझ्या बायकोने अशाच एका ऑफिसात सहा वर्षं काढलीत, तिच्या तोंडून रोज जेवताना हेच ऐकलंय.

---

टवाळ_पोरगं

आमच्या वेळी प्रोफेसरचं रेटिंग कँटीनवाला द्यायचा. "त्यांच्या तासाला बसू नको रे, चहा घे." फुकट सल्ला, व्हिसाचा प्रॉब्लेम नाही.

---

सांगलीकर_मामा

खाडीपलीकडचा, लाख लाख धन्यवाद. पण एक कळत नाही, ड्रॉप करण्याआधी हा एका काउन्सेलरला भेटला होता म्हणे, आणि ती म्हणाली होती की चालेल, पुढच्या सेमिस्टरला घे. मग ती कशी काय म्हणाली?

---

खाडीपलीकडचा

इथेच सगळे फसतात बघा. ती अकॅडमिक काउन्सेलर. तिला विचारलं की मॅथ पुढच्या टर्मला घेतलं तर ट्रान्सफरला अडेल का, ती म्हणाली नाही अडणार, आणि ते खरंच आहे. तिच्या स्क्रीनवर याचे विषय असतात, व्हिसा नसतो. दिवसाला तीस पोरं येतात, त्यातली बरीच इथलीच, त्यांनी ९ युनिट केले काय नि ६ केले काय.

आपल्याकडे कसं, ऑफिसात एक मोठे क्लार्क असायचे, त्यांना फीपासून रेल्वे कन्सेशनपर्यंत सगळं माहीत. इथे प्रत्येक खिडकीला आपल्यापुरतंच दिसतं. अ‍ॅडमिशन्स अँड रेकॉर्ड्सवाले नाव घालणार, काढणार, ट्रान्सक्रिप्ट देणार. कॅशियर पैसे घेणार आणि पैसे नाही आले तर अकाउंटला होल्ड लावणार. काउन्सेलिंगवाले विषय सांगणार. व्हिसाचं बोलायचा अधिकार फक्त इंटरनॅशनलवाल्यांना, कुठे त्याला ग्लोबल प्रोग्रॅम्स म्हणतात, बहुतेक कॉलेजात ते कुठल्यातरी बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर टोकाला असतं. एफ-१ वाल्या पोराने बाकी कुणीही काहीही सांगितलं तरी शेवटी तिथे जाऊन "मी हे करू का" असं विचारायचं. ईमेलवर विचारलं तर सोन्याहून पिवळं, लेखी राहतं.

---

देशस्थ_आजोबा

विषयांतर होत असेल तर क्षमा. पण बारावीला चांगले मार्क असलेला मुलगा कम्युनिटी कॉलेजला का घातला? आमच्या समजुतीप्रमाणे ते आपल्या आयटीआयसारखं. इतका खर्च करून?

---

रानजाई

आजोबा, राग मानू नका, पण हा प्रश्न प्रत्येक धाग्यावर येतोच :)

आयटीआयसारखा भाग तिथे असतो, वेल्डिंग, ऑटो, नर्सिंग सगळं. पण त्याच कॉलेजात युनिव्हर्सिटीची पहिली दोन वर्षंही होतात. ही कल्पनाच तिथून आली, १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला पहिलं पब्लिक ज्युनिअर कॉलेज निघालं ते हायस्कूलनंतरची दोन वर्षं गावातच करता यावीत म्हणून. आणि तुम्हाला माहितीये का, १९८४ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्सने पिशवीतून मॅकिंटॉश काढून जगाला दाखवला तो हॉल क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजचा. तेही कम्युनिटी कॉलेजच.

खर्चाचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात युनिटला ४६ डॉलर, २०१२ पासून तेवढेच आहेत. पण ते इथल्या रहिवाशांना. बाहेरून आलेल्याला त्यावर नॉनरेसिडेंट फी, कॉलेजागणिक वेगळी, बहुतेक ठिकाणी युनिटमागे ३०० च्या वर धरून चाला. तरी युसीला पहिल्या दिवसापासून जाण्यापेक्षा फार स्वस्त. शिवाय टॅग नावाचा करार आहे, ठरलेले विषय ठरलेल्या ग्रेडने केले की सहा युसींपैकी एकीला प्रवेश पक्का: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली, एलए आणि सॅन डिएगो यात नाहीत, तिथे आपलं नशीब. अर्ज फक्त सप्टेंबर महिन्यात, आणि एकाच युसीला करता येतो. मामा, पुढच्या सप्टेंबरची आत्ताच कॅलेंडरला खूण करून ठेवा.

---

बिंदूचौक_निवृत्त

मी पलीकडच्या बाजूचा माणूस. कोल्हापुरात एका कॉलेजच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढली, निम्म्याहून जास्त परीक्षा विभागात. परदेशी जाणाऱ्या पोरांची ट्रान्सक्रिप्टं मी करून दिली, सीलबंद पाकिटं मी चिकटवली, त्यावर आडवी सही आणि तिच्यावर शिक्का मी मारला. पोरं बाहेर बाकावर बसलेली असायची. एका पोराने घरी जाऊन ते पाकीट उघडून बघितलं, बरोबर आहे का म्हणून. आला परत दुसऱ्या दिवशी रडत. पुन्हा सगळं केलं.

तर एक सांगतो, तुमच्या भाच्याचं नाव तिथे नीट लागलंय का बघा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळ्याच पद्धतीने. तिकडचा क्लार्क मार्कशीट बघून पहिला शब्द म्हणजे पहिलं नाव असं समजतो आणि पोरगा कायमचा "पाटील" या नावाने हाक मारला जातो. माझ्याकडे दोघातिघांची पत्रं आलेली की हा आणि तो एकच माणूस असा दाखला द्या.

---

सांगलीकर_मामा

काका, तुम्ही मनकवडे आहात का? त्याच्या कॉलेजच्या आयडीवर पहिलं नाव म्हणून आडनावच छापलंय. आम्ही हसून सोडून दिलं होतं.

---

खाडीपलीकडचा

हसून सोडू नका. आय-२०, पासपोर्ट आणि कॉलेजचं रेकॉर्ड एकसारखं पाहिजे, पुढे लायसन काढताना आणि कॅम्पसवर काम मिळालं तर सोशल सिक्युरिटीला अडतं. सोमवारी त्याच फेरीत तेही करा. आय-२० वर बरोबर असेल तर नुसता रेकॉर्ड्सचा फॉर्म आहे.

---

अवनी_एच४

मामा, तुमच्या प्रश्नाला उत्तर नाही माझ्याकडे, पण खिडक्यांचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका, कुणा बाईला उपयोग होईल.

मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसावरची डिपेंडंट. नवऱ्याच्या मागे आले, दोन वर्षं घरात बसून भिंती मोजल्या. मग मैत्रीण म्हणाली अर्ली चाइल्डहूडचे १२ युनिट कर, प्रीस्कूलमध्ये टीचर होता येतं. एच-४ वर शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही, आणि कॅलिफोर्नियात एच-४ वाल्यांना एक वर्ष आणि एक दिवस राहून झाले की रहिवाशाची फी लागू शकते, एफ-१ ला लागत नाही, कितीही वर्षं राहिला तरी. मी गेले काउंटरला. तिथली बाई म्हणाली व्हिसा आहे ना, मग नॉनरेसिडेंट. मी म्हटलं एच-४ चालतो. ती म्हणाली व्हिसा इज व्हिसा. परत आले. नवरा म्हणाला भर जास्तीचे, काय वाद घालतेस.

दुसऱ्या वेळी गेले ते कॉलेजच्याच कॅटलॉगचं ते पान छापून घेऊन गेले ज्यावर कुठले व्हिसा चालतात ते लिहिलंय, एच-४ ला हायलाइटरने पिवळं करून. दुसरी बाई होती, तिने वाचलं आणि म्हणाली ओके, आता तुम्ही इथे वर्षभर होता याचे कागद दाखवा. आणि मग माझ्या लक्षात आलं की माझ्या नावावर या देशात काहीच नाही. घराचं लीज नवऱ्याच्या नावावर, लाइटबिल त्याच्या नावावर, फोन फॅमिली प्लॅनवर. शेवटी काय सापडलं सांगू? ड्रायव्हिंग लायसन, आम्हा दोघांचा जॉइंट स्टेट टॅक्स रिटर्न, आणि लायब्ररीचं कार्ड काढताना दिलेली पावती. चालले. टर्म सुरू व्हायच्या आदल्या दिवसापासून मागे मोजतात ते वर्ष.

१२ युनिट दीड वर्षात झाले. काम मात्र नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर होऊन माझं ईएडी (वर्क परमिट) येईपर्यंत करता आलं नाही. आता सगळी बिलं मी माझ्या नावावर करून घेतलीत, हौसेने.

---

टवाळ_पोरगं

"व्हिसा इज व्हिसा" टी-शर्टवर छापून घेतोय.

---

वर्धेचा_सुधाकर

अवनीताई _/\_

मी वेगळ्या वाटेने गेलो होतो, तेही सांगतो. आमच्याकडे लोन बिन काही जमण्यातलं नव्हतं. अमेरिकन सरकारचा कम्युनिटी कॉलेज इनिशिएटिव्ह म्हणून एक कार्यक्रम, २००७ मध्ये सुरू झालेला, भारतातून अर्ज यूएसआयईएफमार्फत (भारत-अमेरिका शैक्षणिक देवाणघेवाणीची संस्था) करायचा. एक वर्ष, जे-१ व्हिसा, खर्च त्यांचा. डिग्री मिळत नाही, सर्टिफिकेट मिळतं, आणि संपल्यावर परत येऊन दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं, त्यामुळे तिकडे चिकटायचा विचार असेल त्याने अर्ज करूच नये.

मी शेतीशी संबंधित विषय घेतला होता. पहिला महिनाभर मी कुठल्याच ऑफिसात प्रश्न विचारला नाही, आपल्याकडे विचारलं की "वाचता येत नाही का, बोर्डावर लावलंय" असं ऐकायची सवय. तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसातल्या मॅडमनी एक दिवस स्वतःच बोलावून विचारलं, तुला काही प्रॉब्लेम आहे का, तू येतच नाहीस. मी म्हटलं नाही मॅडम, प्रॉब्लेम नाही म्हणून येत नाही. त्या म्हणाल्या मग प्रॉब्लेम नसताना ये. मामा, तुमच्या भाच्याचंही हेच असणार, तो बेफिकीर नाही, त्याला विचारायचंच सुचलं नसणार.

---

सांगलीकर_मामा (सोमवार, रात्री)

अपडेट.

सकाळी आठला दोघं दारात. मी ऑफिसातून हाफ डे टाकला. दुसरा मजला, टोकाला, खाडीपलीकडच्याने सांगितलं तस्संच, वर जायला लिफ्ट बंद. आत एक मध्यमवयीन बाई, टेबलावर वीसेक देशांचे छोटे झेंडे. भाच्याने सगळं सांगितलं. ती पाच सेकंद नुसती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ड्रॉप करायच्या आधी मला एक ईमेल टाकला असतास तर मी नको म्हणाले असते, एका ओळीचं काम होतं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मग स्क्रीन वळवून दाखवली. आम्ही हेरलेल्या चार क्लासपैकी दोन ऑनलाइन निघाले (शेड्युलमध्ये खोलीच्या जागी काहीतरी कोड होता, आम्हाला वाटलं खोलीच आहे), एक भरलेला, आणि एक हेल्थ एज्युकेशन, ३ युनिट, मंगळवार-गुरुवार संध्याकाळी, वर्गात. अकरा जागा शिल्लक. ती म्हणाली हा आत्ता, माझ्यासमोर घे. घेतला. १२ झाले. म्हणाली हा पूर्ण झाला तर या सेमिस्टरचं मला काही कळवायची वेळ येणार नाही, पण यातून एक जरी सुटला तर माझ्या हातात काही राहणार नाही. युनिट संख्येत आता एकाचीही सूट नाही म्हणजे.

फीचं ऐकून मात्र घाम आला. सोडलेल्या मॅथचा रिफंड तारीख टळल्यामुळे नाही, आणि नवीन तीन युनिटांचे पैसे वेगळे. आणि ते त्याच दिवशी कॅशियरला भरायचे, नाहीतर सिस्टम आपोआप नाव काढून टाकते. खाली खिडकीवर रांग. भरले मी. ताईला सांगताना फक्त "एक जादा विषय घेतलाय त्याने" एवढंच सांगितलं. ती म्हणाली शाब्बास.

नावाचा फॉर्मही दिला. आठवड्याभरात नवीन आयडी.

---

बिंदूचौक_निवृत्त

उत्तम. "जादा विषय" हा शब्दप्रयोग आवडला. आमच्याकडे ए.टी.के.टी. ला पोरं घरी हेच सांगायची.

---

देशस्थ_आजोबा

माझा गैरसमज होता, रानजाईंनी दूर केला. नातीला विचारतो.

---

रानजाई

मामा, मॅथ पुढच्या टर्मला नक्की घ्यायला लावा, इंजिनिअरिंगला ट्रान्सफर असेल तर कॅल्क्युलसची साखळी असते, एक कडी मागे पडली की पुढचं सगळं ढकललं जातं. असिस्ट डॉट ऑर्गवर जाऊन त्याचं कॉलेज आणि हवी ती युसी टाका, कुठला विषय कुठल्याला चालतो सगळं दिसतं. आणि त्याला सांगा की रेटिंग वाईट असलेला प्रोफेसर बऱ्याचदा फक्त कडक असतो.

---

सांगलीकर_मामा (तीन आठवड्यांनंतर)

धागा वर काढतोय, सॉरी. एक नवीन भानगड. ताईच्या बँकेला लोनचा पुढचा हप्ता सोडायला "बोनाफाईड" पाहिजे. कॉलेजने एनरोलमेंटचं पत्र दिलं, पीडीएफ, लेटरहेडवर, सही कॉम्प्युटरची. बँकेचे मॅनेजर म्हणाले, गोल शिक्का कुठाय? ताई म्हणाली अमेरिकेत शिक्का नसतो. ते म्हणाले, मॅडम, कॉलेज आहे ना? मग शिक्का असणारच.

काका, काही सुचतंय का?

---

बिंदूचौक_निवृत्त

मॅनेजरचा दोष नाही. त्याच्यावरचा ऑडिटरही शिक्काच शोधणार. त्या झेंड्यांच्या बाईंकडे जाऊन सरळ मागा. प्रत्येक ऑफिसात कुठला ना कुठला शिक्का असतोच, ड्रॉवरमध्ये मागे. शाई सुकलेली असेल, पॅडवर दोन थेंब पाणी टाकायला सांगा.

---

सांगलीकर_मामा

काका, होता. ड्रॉवरमध्ये, मागे. आलेल्या टपालावर मारायचा "रिसीव्ह्ड" आणि तारखेचा. भाच्याने गोष्ट सांगितल्यावर ती बाई इतकी हसली की शेजारच्या केबिनमधून लोक बघायला आले. पत्र छापलं, पेनने खरी सही केली, त्यावर शिक्का मारला, आणि बँकेसाठी अजून एक मारू का म्हणून विचारलं. दोन मारून घेतले. पत्र कुरिअरने गेलं, काल ताईने दाखवलं.

शिक्का चौकोनी आहे. मॅनेजरांनी भिंगातून बघितला आणि चालवून घेतला.